पाय जड होतील, घाबरू नका

“पाठीत सुई टोचली का कंबर जलमभर दुखते म्हन्तेत. खरं का, डॉक्टर?” नागपुरात मेडिकल हॉस्पिटल असो की मेयो, पाठीतून भूल देणाऱ्या भूलतज्ज्ञाला हा प्रश्न ठरलेलाच. जे विचारत नाहीत, ते रात्रभर पंख्याकडे बघत पडतात. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो. कधी तेवढ्यापायी ऑपरेशनही पुढे ढकललं जातं.

यावर उतारा जुना आहे: आधी सांगून ठेवणं. बोस्टनच्या ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात 1846 साली ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तिथल्याच डॉ. लॉरेन्स एग्बर्ट यांनी 1964 मध्ये पोटाचं ऑपरेशन झालेल्या 97 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींना कुठे दुखेल, कुशीवर कसं वळायचं, हे भूलतज्ज्ञाने नीट समजावलं होतं. त्यांना वेदनाशामक मॉर्फिनवर्गीय औषध जवळपास निम्मंच लागलं.

पण ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा? तिथे मोबाइलवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ कामी येतो. तो दहाव्यांदाही वैतागत नाही, आणि सोबतचा मुलगा, सूनही तो बघतात. भीती पुष्कळदा त्यांचीच जास्त असते! फक्त त्यात हॉस्पिटलची इमारत आणि चकचकीत यंत्रं दाखवण्यात अर्थ नाही. रुग्णाला काय जाणवेल, ते सांगावं, आणि त्याच्या बोलीत.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, सुई त्याच्या खाली जाते, हे एका चित्रात कळतं. टोचल्याजागी दोन-चार दिवस दुखू शकतं. जन्माची कंबरदुखी या सुईने जडते, असं मात्र आढळलेलं नाही. पाय आधी गरम वाटतील, मग जड होतील, मग आपले नाहीतच असं वाटेल. ऑपरेशन चालू असताना ओढल्यासारखं कळेल, दुखणार नाही. आणि थंडी! बाहेर मे महिन्यात 45 अंश, ऑपरेशन थिएटरात विशीच्या आसपास. त्यात भुलीने कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली ऊब बाहेर येते, दातावर दात वाजतात. न सांगितलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं.

व्हिडिओ संपला की खाटेशी कुणीतरी हवंच. खरा प्रश्न तेव्हा निघतो: “मंग पाय केव्हा परत येतीन?”

दोन-चार तासांत, मावशी.