रक्तदाब वाढलेला असतो, मग शरीर तक्रार का करत नाही?

खूप वेळ मांडी घालून बसल्यावर आपण उठून उभे राहतो, तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. खरं तर त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारी यायला हवी. बहुतेकांना तसं काही होत नाही, कारण पुढच्या एक-दोन ठोक्यांतच शरीराने सावरासावर सुरू केलेली असते.

हे काम मज्जातंतूंचं. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभागते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी सूक्ष्म टोकं असतात. धमनीची भिंत ताणली गेली की ती मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला भराभर संदेश पाठवतात. ताण कमी झाला की संदेशही विरळ होतात. संदेश विरळ झाले, म्हणजे दाब पडला, असं केंद्र समजतं. मग ते सिम्पथेटिक मज्जातंतूंना जागं करतं. त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात धावतं, धमन्या आवळतात आणि दाब पुन्हा जागेवर येतो. दाब वाढला तर हेच सगळं उलट.

इतकी चोख व्यवस्था असताना एखाद्याचा रक्तदाब वर्षानुवर्षं 160 वर कसा राहतो? ती टोकं झोपलेली असतात का?

झोपलेली नसतात. त्यांनी नव्या आकड्याशी जुळवून घेतलेलं असतं. दाब चढलेलाच राहिला, तर काही दिवसांतच ही यंत्रणा 160 लाच 'नेहमीचा दाब' मानू लागते. आणि तिला ही सवय लावण्यात रक्तातून फिरणाऱ्या रसायनांचा मोठा हात असतो.

अँजिओटेन्सिनची दुहेरी खेळी

मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं किंवा सिम्पथेटिक मज्जातंतूंनी डिवचलं, की ते रेनिन सोडतं. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं, त्या तुकड्यावर मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये आणखी एक कापणी होते आणि अँजिओटेन्सिन-2 तयार होतं. हे संप्रेरक धमन्या आवळतं आणि शरीरात मीठ धरून ठेवायला लावतं, हे पाठ्यपुस्तकात असतं. ते मज्जातंतूंनाही फितवतं, हे मात्र कमी सांगितलं जातं.

रक्तातली बरीच रसायनं मेंदूत सहज शिरू शकत नाहीत, वाटेत एक बारीक चाळण असते. पण मेंदूत काही मोजक्या जागा अशा आहेत जिथे ही चाळण नाही. अँजिओटेन्सिन तिथूनच आपलं म्हणणं आत पोचवतं. त्यामुळे सिम्पथेटिक मज्जातंतूंचा जोर वाढतो आणि 'योग्य दाब' कोणता, याची खूण वर सरकते. शिवाय मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही जास्त सुटतं. जोर वाढलेले मज्जातंतू पुन्हा मूत्रपिंडाकडून रेनिन सोडवून घेतात, म्हणजे चक्र पूर्ण.

याचा एक पुरावा आपल्या औषधांच्या डब्यातच आहे. नुसत्या धमन्या सैल करणारं हायड्रॅलाझिनसारखं औषध दिलं, तर दाब पडतो, पण छातीत धडधड होते. 'दाब पडला, धावा' असा मेंदूचा हुकूम सुटलेला असतो. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन या गोळ्या अँजिओटेन्सिनला रोखतात. त्यांनीही दाब उतरतो, पण नाडीचा वेग सहसा फारसा वाढत नाही. खूणच खाली आलेली असल्याने मेंदूला धावाधाव करण्याचं कारण वाटत नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो.

सगळीच संप्रेरकं अशी नसतात. व्हॅसोप्रेसिन स्वतः धमन्या आवळतं, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मेंदूतल्या याच केंद्राला अधिक सावध करताना दिसलं. त्यामुळे दाब अपेक्षेइतका चढत नाही.

दुसऱ्या बाजूला एक वायू

1980 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन घातल्यावर धमनी सैल व्हायची, पण आतलं नाजूक अस्तर घासून गेलेलं असलं तर होत नसे. म्हणजे ते अस्तरच काहीतरी सोडत होतं. पुढच्या काही वर्षांत ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचं सिद्ध झालं. 1998 चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरीद मुराद यांना मिळालं. गंमत अशी, की नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या काळात डॉक्टरांनी हृदयासाठी तेच औषध सुचवलं होतं. ते शरीरात हाच वायू देऊन काम करतं.

हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तो फक्त धमनी सैल करून थांबत नाही. मेंदूतल्या काही पेशीही तो बनवतात आणि एकंदरीत तो सिम्पथेटिक मज्जातंतूंना लगाम घालतो. उंदरांमध्ये तो बनवणारं विकर बंद पाडलं की रक्तदाब चढतो. सिम्पथेटिक मज्जातंतू आधीच निकामी केले असतील, तर मात्र तो कमी चढतो. म्हणजे त्या चढण्यात मज्जातंतूंचा वाटा होता.

अँजिओटेन्सिन पेशींमध्ये ऑक्सिजनचे असे आक्रमक रेणू तयार करवतं, जे नायट्रिक ऑक्साइडला नष्ट करतात. एका हाताने वेग वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने ब्रेक सैल करायचा, असा हा प्रकार. उलट, स्त्रियांमधलं इस्ट्रोजेन या वायूची निर्मिती वाढवतं. पाळी जाईपर्यंत स्त्रियांचा रक्तदाब त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

आता 'मला काहीच त्रास होत नाही, मग गोळी कशाला?' या घरोघरी ऐकू येणाऱ्या प्रश्नाकडे वळू. त्रास होत नाही, कारण यंत्रणेला 160 च बरोबर वाटतंय. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही दिवस काहींना गळून गेल्यासारखं वाटतं, तेही यामुळेच: नवी खूण स्वीकारायला तिला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर बहुधा मात्रा हळूहळू वाढवतात. गोळी मनाने बंद करणं तर घातकच. क्लोनिडिनसारखं औषध मेंदूतूनच मज्जातंतूंना शांत ठेवतं. ते एकदम थांबवलं, तर दाब पहिल्यापेक्षाही वर उसळू शकतो.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल कधीही घेऊ नये. दोन्ही औषधं नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेवर काम करतात आणि एकत्र आली की दाब इतका कोसळतो की मज्जातंतूंनाही तो सावरता येत नाही. वयानुसार ही सावरण्याची क्षमता मंदावतेच. घरातल्या आजी-आजोबांनी पहाटे अंथरुणातून उठताना आधी काठावर मिनिटभर बसावं, आणि उठल्यावर चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना त्यांचा रक्तदाब उभं करूनही मोजायला सांगावं.