गुलछडीच्या वाफ्यातली गर्दी

दुपारची भांडी झाली असतील तर जरा टेका. आज गुलछडीबद्दल बोलायचंय. कुणी तिला निशिगंध म्हणतं, कुणी रजनीगंधा. आमच्याकडं फूलबाजारात मात्र गुलछडीच.

आमच्या गटातल्या आक्कांनी विहिरीजवळच्या दीड गुंठ्यात ती लावली होती. पहिल्या वर्षी कमरेएवढे दांडे आले. दुसरं वर्षही बरं गेलं. तिसऱ्या वर्षी वाफा हिरवागार, पात इतकी दाट की खुरपं शिरेना, आणि फुलं पाहावीत तर बारीक, दांडे आखूड. आक्कांना वाटलं खत कमी पडलं, म्हणून त्यांनी युरिया टाकला. पात आणखी माजली. ऐन गणपतीत, जेव्हा भाव असतो तेव्हा, त्यांची पाटी अर्धीच भरायची. त्या फुलांच्या पैशांवर त्यांच्या नातीची शाळेची गाडी ठरलेली होती, त्यामुळं आम्हा सगळ्यांनाच ते लागलं.

झालं काय होतं, ते खणल्यावर कळलं. गुलछडीचा कंद एकदा फुलला की तोच कंद पुन्हा दांडा देत नाही. त्याच्या कडेनं पिलं धरतात आणि पुढची फुलं त्या पिलांची. एकाची पाच, पाचाची वीस, असं होत होत तिसऱ्या वर्षी जमिनीखाली नुसता गड्डा होतो. जागा तेवढीच, पाणी तेवढंच, खाणारी तोंडं मात्र वाढलेली. पिलं पोसतच नाहीत, मग फुलणार कुठून? म्हणून दोन-तीन वर्षांनी वाफा मोडून कंद विरळ करावेच लागतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘चालता वाफा मोडायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?’ शेवटी अर्धा मोडायचा आणि अर्धा ठेवायचा, असं ठरलं.

कंद काढायची वेळ फेब्रुवारी-मार्चची. थंडी सरली, पात पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं आणि तीन-चार आठवडे वाफा सुकू द्यायचा. इथं आम्ही चुकलो. माती कडक लागली म्हणून आदल्या दिवशी पाणी सोडलं. खणायला सोपं गेलं, पण ओले कंद तसेच गोणीत भरून तोंड बांधून ठेवले. आठ दिवसांनी गोणी उघडली तर वास! निम्मे कंद सडले होते. तेव्हा माती कोरडीच असू द्या. गड्ड्यापासून वीतभर लांब कुदळ घाला, म्हणजे कंद चिरत नाहीत. गड्डा उचलून माती झटका, पात आणि मुळ्या छाटा, पिलं हातानं सुटी करा. मऊ पडलेले, चिरलेले बाजूला काढा.

मग निवड. सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा, टोकदार आणि टणक कंद यंदाच फुलेल. त्याहून बारीक पिलं वेगळ्या वाफ्यात लावायची, ती वर्षभर पोसू द्यायची. निवडलेले कंद सावलीत, वारा लागेल असे पातळ पसरून महिना-दीड महिना ठेवायचे. अधूनमधून हलवायचे.

लागवड एप्रिल-मेमध्ये. शक्यतो जुन्या जागी नको, कारण तिथं मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी असू शकतात. जुन्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावला तर ते कमी होतात आणि दसऱ्याला दोन पैसेही येतात. लावण्याआधी दहा लिटर पाण्यात 20 ग्रॅम कार्बेन्डाझिम कालवून कंद 15 ते 20 मिनिटं बुडवा. हातात मोजे घाला आणि ती बादली पुन्हा घरात वापरू नका. दोन कंदांत वीतभर अंतर, टोक वर, दोन-अडीच इंच खोल. आपल्याला जवळजवळ लावायची भारी हौस, ती आवरा.

खणताना आणखी एक पाहुणा सापडतो, लव्हाळा. वरून उपटला की जमिनीतली काळ्या गाठींची माळ तुटते आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब येतो. पिलांच्या मुळ्यांत एखादी गाठ अडकून नव्या वाफ्यात गेली की मग आयुष्यभर खुरपत बसा. म्हणून गाठी वेचून कडक उन्हात टाका, त्या वाळून मरतात. एवढं लक्षात ठेवा, गुलछडीचे कंद सावलीत, लव्हाळ्याच्या गाठी उन्हात.

दारातली स्पायडर लिली किंवा पावसाळी लिली अशीच पसरते, तीही अशीच विरळ करता येते. पण तिचे कंद दिसायला कांद्यासारखे आणि विषारी. पोटात गेले तर उलट्या होतात. ते कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका, पोरं खेळतात तिथं किंवा शेरडांपुढं टाकू नका. जास्तीचे झाले तर खड्डा करून खोल पुरा.

आक्कांच्या मोडलेल्या अर्ध्या भागाला ऑगस्टअखेर दांडे सुटले, जाड आणि लांब. न मोडलेल्या अर्ध्यात तीच बारीक फुलं. शेजारी शेजारी दिसल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण उरलेला वाफा येत्या मार्चला काढायचा म्हणून त्यांनी स्वतःच पाणी तोडायची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. पिलं भरपूर निघतील. ज्यांना हवीत त्यांनी गटाच्या बैठकीत नाव सांगा, आणि येताना जाळीची पिशवी आणा, गोणी नको.