लुगड्याचा पोत आणि आपली अंगलट

भगिनींनो, लक्ष्मी रस्त्यावर आपण लुगड्याचा रंग पाहतो, काठ पाहतो. पोताचा विचार क्वचितच करतो. खळीचे सुती वस्त्र अंगापासून फुगून राहते. कृश बाईस त्याने भरदारपणा येतो. स्थूल बाई मात्र अधिकच रुंद दिसते. तिने मऊ, अंगासरशी पडणारे वस्त्र घ्यावे. नऊवारीत सव्वाआठ मीटर कापड. पोत जाड असल्यास निऱ्यांचा कमरेशी बोंगा होतो. इरकलीत सुती अंगाला रेशमी पदर मागावरच जोडतात; म्हणून खांद्यावरून तो सुरेख ओघळतो. ठेंगणीने रुंद काठाचा मोह आवरावा. पैठणी अपवाद, ती वर्षातून दोनदाच नेसायची! घेण्यापूर्वी पदर खांद्यावर टाकून आरशात पाहावे. दुकानदार घडी मोडण्यास नाखूष दिसला, तर शेजारचे दुकान उघडेच असते.