शेळी तुमची, गोठा आमचा

दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. अशा शेळ्या पैसे घेऊन सांभाळायच्या, असा काही गटांचा विचार आहे. अडचण एकच सांगतात, 'गिऱ्हाईक म्हणजे आपलीच जाऊ, आपलीच शेजारीण. तिला नियम कुठल्या तोंडानं सांगायचे?'

हसऱ्या तोंडानं सांगा, पण शेळी दावणीला बांधायच्या आधी सांगा. नंतर सांगितलेला नियम टोचतो. आणि प्रत्येक नियमामागचं कारण सांगा.

आता बघा, भेटायला आलेली आजी लाडानं भाकरी, लग्नातला उरलेला भात शेळीला घालते. सवय नसताना असं धान्य जास्त पोटात गेलं, तर आम्ल वाढतं, पोट फुगतं, शेळी दगावूही शकते. 'बाहेरचे खाद्य घालू नये' अशी पाटी लावली की आजी रुसणार. त्यापेक्षा म्हणा, 'आजी, खाऊ आमच्याकडं द्या, किती घालायचा ते आम्ही बघतो.'

लसीचंही तसंच. पीपीआर हा रोग एका शेळीपासून दुसरीला लागतो. ताप, नाकातून शेंबूड, हगवण, आणि बघता बघता कळप रिकामा. लस टोचली म्हणजे लगेच ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे जातात. म्हणून दसऱ्याच्या आसपासच सांगून ठेवा, 'लस टोचून आणा.' तरीही नवी शेळी पहिले दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. 'माझ्या शेळीला वाळीत टाकलं का?' असं कुणी विचारलं, तर सांगा, पुढं येणाऱ्या शेळीपासून तुमचीही अशीच जपणार आहोत.

करडांचं मात्र लिहूनच घ्या. शेळी पाच महिने गाभण असते, म्हणजे दिवाळीला गाभण आलेली आपल्याच गोठ्यात विणार. आपल्याकडं अर्धेलीची सवय, त्यामुळं गटातल्या बायांना करडात वाटा आहे असं वाटतं आणि मालकिणीला नाही असं. पैसे घेऊन सांभाळतो तेव्हा करडं मालकिणीचीच. दुधाचं काय, करडांच्या खुराकाचे पैसे किती, हे त्याच कागदावर येऊ द्या.

सगळ्यात अवघड आजारपण. रात्री शेळी आडवी पडली, मालकीण कोल्हापूरकडं फडात, फोन लागत नाही. डॉक्टर बोलवायचा का, पैसे कुणी द्यायचे? आधीच विचारा, 'ताई, न विचारता औषधाला किती रुपयांपर्यंत खर्च करू? फोन नाही लागला तर घरातल्या कुणाला विचारू?' आकडा आणि नाव लिहा, अंगठा किंवा सही घ्या. शेळी मेली तर त्याच दिवशी कळवायचं. विमा असेल तर कानातला बिल्ला काढू नका, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुरू नका.

पैशाचं म्हणाल तर माझं मत असं, की दर महिन्याचा तगादा नको. जाताना उचल हातात असते तेव्हा निम्मे घ्या, उरलेले परतल्यावर. शेळी नेताना मालकिणीसमोर वही उघडा, लस, औषध, करडं, सगळं वाचून दाखवा आणि मगच दावं सोडा.