जुनी मालमोटार कीं नवी?

हापूसच्या पेट्या रत्नागिरीहून वाशीच्या बाजारीं पोंचविण्यास जुनी ‘टाटा ४०७’ ठेवावी कीं नवी मालमोटार घ्यावी, असा वाद यंदा आमच्या घरीं निघाला. नवी सहसा बिघडत नाहीं, हें थोरल्या बंधूंचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून ‘बी. एस. ६’ नियम आले, आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी, पुष्कळांत युरियाचें द्रावण व जागोजाग सेन्सर आले. एखादा सेन्सर रुसला कीं इंजिन धड असूनही ओढ घटते. रात्रीं घाटांत संगणकवाला कोठून आणावा? जुनीचा डिझेल-पंप यांत्रिक. त्यांत हवा शिरली तर चालक पान्यानें ती काढून वाटेस लागतो. तेल, गाळण्या, ब्रेक यांची हयगय मात्र तिला खपत नाहीं. (गेल्या वर्षीं आमची हयगय पन्नास पेट्यांना भोंवली!) अखेर जुनीच ठेविली, पंप व नोझल फाल्गुनांतच तपासून घेतलीं.