खिडकीतून दिसणारे किल्ले

इटलीच्या अगदी उत्तरेला, दक्षिण टिरोल प्रांतात, रेशेन खिंडीपासून मेरानो शहरापर्यंत उतरत येणारं फिन्शगाउ नावाचं खोरं आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. त्यामुळे आजही घराघरांत जर्मन बोलली जाते आणि स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत असतात. आल्प्स ओलांडणारा रोमनांचा व्हिया क्लॉडिया ऑगस्टा हा रस्ता इथूनच जायचा. मध्ययुगात बिशपांनी आणि सरदारांनी याच वाटेवर वचक ठेवायला आणि एकमेकांना शह द्यायला कड्याकड्यांवर किल्ले बांधले. विसाव्या शतकात रेल्वे आली, तीही अडिजे नदीच्या काठाने, त्याच वाटेने. रस्त्यावर नजर ठेवायला बांधलेले किल्ले गाडीच्या खिडकीतून न दिसते तरच नवल.

मेरानो ते माल्स हा साठ किलोमीटरचा मार्ग १९०६ साली सुरू झाला. तो खिंड ओलांडून ऑस्ट्रियातल्या लांडेकपर्यंत न्यायचा बेत होता, तो कधीच पुरा झाला नाही. १९९० मध्ये इटलीच्या सरकारी रेल्वेने हा मार्ग बंद केला आणि रुळांवर झुडपं माजली. पण प्रांत सरकारने तो आपल्याकडे घेतला, रूळ आणि जुनी स्टेशनं दुरुस्त केली आणि ५ मे २००५ रोजी नव्या गाड्या सोडल्या. त्यांचं मोठं शहाणपण वेळापत्रकात आहे. गाड्या ठरावीक अंतराने सुटतात आणि बाजूच्या दऱ्यांत जाणाऱ्या बस त्यांच्या वेळा धरून स्टेशनाबाहेर लागतात. या मार्गाने दुःखही पाहिलं आहे. एप्रिल २०१० मध्ये कास्टेलबेल गावाजवळ चिखलाचा लोंढा गाडीवर कोसळून नऊ जण दगावले.

किल्ल्यांत एकच पाहायचा तर कूरबुर्ग. श्लुडर्न्स स्टेशनावर उतरून गावातून चढत पायी जाता येतं. कूरच्या बिशपाने तेराव्या शतकाच्या मध्याला हा किल्ला बांधला तो माचच्या सरदारांना आवर घालायला, पण शतक संपायच्या आत तो त्या सरदारांच्याच ताब्यात गेला! १५०४ मध्ये त्यांचा वंश खुंटला आणि किल्ला ट्राप घराण्याकडे आला. आजही तो त्यांचाच आहे. आतल्या कमानदार सज्जाच्या छतावर या घराण्यांची वंशावळ वेलीसारखी रंगवली आहे. मान वर करून एकेक फांदी शोधावी लागते.

खरी दौलत मात्र शस्त्रागारात आहे. इथली चिलखतं बाजारातून गोळा केलेली नाहीत. ती याच घराण्यातल्या पुरुषांच्या आणि त्यांच्या शिपायांच्या अंगावरची, आणि अजून त्याच घरात. त्यातलं उलरिख फॉन माच याचं चिलखत दोन मीटरहून उंच माणसाच्या मापाचं आहे. पोलादाचे पत्रे एकावर एक चढवून गुडघा आणि कोपर वाकण्यापुरती जागा सोडलेली दिसते. ते पाहताना एका विशिष्ट माणसाची छाती, दंड, पोटऱ्या समोर उभ्या राहतात. चित्रात दिसणारा सरदार इतका जवळचा वाटत नाही. इथे वाटाड्याबरोबरच फिरावं लागतं आणि ते योग्यच आहे.

कास्टेलबेलचा किल्ला नदीलगतच्या खडकावर, रुळांच्या अगदी जवळ आहे. वेळ कमी असेल तर तो गाडीतूनच पाहावा. युवालसाठी मात्र उतरलंच पाहिजे. श्नाल्स दरीच्या तोंडाशी उंचावर असलेला हा किल्ला गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांनी १९८३ मध्ये विकत घेतला आणि पुढे तिथे पर्वतांच्या पावित्र्याला वाहिलेलं संग्रहालय उभं केलं. प्राणवायूचं नळकांडं न घेता एव्हरेस्ट चढलेल्या माणसाच्या घरात तिबेटी मूर्ती दिसतात, याचं आपल्याला अप्रूप वाटतं. पर्यटकांच्या मोटारींना वर मज्जाव आहे. खालच्या श्टाबेन गावातून लहान बस जाते किंवा पायवाटेने चढायचं.

मेरानोच्या डोक्यावरचा टिरोल किल्ला ज्याने अख्ख्या प्रदेशाला नाव दिलं तो. १३६३ मध्ये काउंटेस मार्गारेटने टिरोल हॅब्सबुर्ग घराण्याच्या हवाली केलं आणि या घाटवाटा त्यांच्या हाती आल्या. मेरानोहून बस टिरोल गावापर्यंत जाते, पुढे वीसेक मिनिटं चालायचं. वाड्याच्या आणि प्रार्थनाघराच्या संगमरवरी दारांवर कोरलेले विचित्र प्राणी निवांत पाहावेत.

आपल्याकडून युरोपला जाणारे बहुतेक जण सहलीच्या बसमधून दिवसाला दोन शहरं उरकतात. हे खोरं त्या घाईत बसणारं नाही. दोन रात्री मुक्काम करा. इथली अनेक हॉटेलं पाहुण्यांना प्रांतभर रेल्वे आणि बस फुकट वापरायचा पास देतात, तो मागून घ्या. मार्गाच्या कामांमुळे कधीकधी काही टप्प्यांत गाड्यांऐवजी बस धावतात, म्हणून निघण्याआधी वेळा पाहा. आणि कूरबुर्गला सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी तो बंद असतो, आणि हिवाळाभरही.