स्वादुपिंडाला सूज: दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला का?

पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराची कळ येते, ती पाठीपर्यंत जाते, सोबत उलट्या होतात. बारामती असो की इंदापूर, अशा वेळी आधी ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. पण हा ॲक्युट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज असू शकते.

किती जणांना होतो?
जगभरात वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण ३४ जणांना. २०११ च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर तालुक्यांची लोकसंख्या मिळून ८ लाखांवर होती. हाच दर धरला तर वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास रुग्ण होतात.

उपचार काय?
लायपेज ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. सलाईन, वेदनाशामक औषधं आणि उलट्या थांबल्या की हलका आहार. साधारण ८० टक्के रुग्ण यावरच बरे होतात. उरलेल्यांना आयसीयू लागू शकतं, म्हणून घरी थांबणं धोक्याचं.

परत का होतो?
पहिल्या झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला पुन्हा त्रास होतो. सूज उतरते, पण पित्ताशयातले खडे किंवा दारू ही मुख्य कारणं तशीच राहतात. नेदरलँड्समध्ये खड्यांमुळे सौम्य सूज आलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भरतीत पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के, तर शस्त्रक्रिया लांबवलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना पुन्हा गंभीर त्रास झाला.

त्यामुळे डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: सूज कशामुळे आली होती?